विरलेल्या लुगड्यांचे चित्र

(मंडळाच्या रत्नागिरी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आमच्या पाठीमागे भिंतीवर जी गोधडी टांगलेली आहे, तिच्याविषयी आम्ही चार शब्द सांगावेत, अशी मंडळाच्या चिटणीसांची आज्ञा झाली. आज्ञा ऐकून आम्हांस संकोच वाटला. या व्यासपीठावरून आजवर विद्यार्थी-साहाय्य, वधूवर-सूचना, विवाहातील काटकसर अशा भारदस्त विषयांवर भाषणे झाली. त्यांच्या पंक्तीस चिंध्यांनी कसे बसावे? परंतु चिटणीस म्हणाले, "ज्या वस्तूवर आपल्यापैकी बहुतेकांना जन्मल्याबरोबर निजविले, तिच्याविषयी बोलायला लाज कसली?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते, म्हणून आज आपणांपुढे उभ्या आहोत.

आम्ही दोघी जावा. थोरलीचे आयुष्य शाळेत चित्रकला शिकविण्यात गेले, धाकटीचे घरात आणि शिवणाच्या यंत्रापुढे. भाषण वाचून दाखविण्याचे काम थोरलीकडे आले असले, तरी विचार दोघींचे आहेत आणि चुकाही दोघींच्याच आहेत. तेव्हा आम्ही जेथे 'आम्ही' म्हणू, तेथे तो मोठेपणाचा 'आम्ही' नव्हे, दोघींच्या संख्येचा आहे, एवढे आपण ध्यानी घ्यावे.

गोधडी म्हणजे काय, हे येथे कोणास सांगावयास नको. आपल्या कोकणात तिला वाकळ म्हणतात, तान्ह्या मुलाची असली तर दुपटे म्हणतात. संस्कृतातला शब्द कंथा. बंगालातल्या बायका आजही आपल्या भरतकामाच्या पांघरुणाला कांथाच म्हणतात. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे पदर एकावर एक अंथरावे, कच्चा दोरा घालून ते हलणार नाहीत असे करावे, आणि मग कडेपासून आत आत धावदोऱ्याने शिवत जावे, एवढीच तिची कृती. परंतु या कृतीपाठीमागे केवढा हिशेब आहे! लुगडे प्रथम मधोमध विरते. काठ आणि पदर शेवटपर्यंत टिकतात. मधला भाग विरला की तो काढून उरलेल्या भागांना दंड घालावयाचा. दंडाचे लुगडेही विरले की त्याची परकर-पोलकी, दुपटी, कुंच्या. तेही झाले की गोधडी. गोधडी फाटली की तिच्यावर दुसरे अस्तर. आणि अगदीच जीर्ण झाली की चुलीवरचे भांडे उतरविण्याचे फडके. आमच्या सासूबाईंच्या घरात कापडाचा एक धागा वाया गेलेला आम्ही पाहिला नाही.

मात्र या काटकसरीस एक सल होता. गोधडी ही गरिबीची खूण मानली गेली. पाहुणे आले की सोलापुरी चादरी बाहेर निघत आणि गोधड्या माळ्यावर जात. ज्या महापुरुषाने चिंध्यांचे वस्त्र अंगावर मिरविले, त्या गाडगेबाबांना (१८७६–१९५६) लोक गोधडेबुवा म्हणून हात जोडीत. पण आपल्या घरची गोधडी दुसऱ्याच्या दृष्टीस पडू नये, अशीच आमची धडपड असे. द्रौपदीने भरजरी वस्त्राची चिंधी फाडून श्रीकृष्णाच्या बोटाला बांधली, ही कथा ऐकताना डोळे पुसणाऱ्या आम्हीच घरातल्या चिंध्यांचे गाठोडे भंगारवाल्याला देत होतो.

आमच्या या उद्योगाचा आरंभ झाला तो दुःखाच्या प्रसंगी. सासूबाई वारल्या आणि पुढे वर्षा-दोन वर्षांत रत्नागिरीतील जुने कौलारू घर उतरविण्याचे ठरले. भावाभावांत वाटण्या झाल्या. भांडी मोजली गेली, झाडे मोजली गेली. माळ्यावरचे एक गाठोडे तेवढे कोणाच्याच वाट्याला गेले नाही. त्यात सासूबाईंची सात जुनी लुगडी, मामंजींची धोतरे, मधल्या भाऊजींचा गिरणीतला खाकी सदरा, एक फाटकी गोधडी, आणि मनीऑर्डरच्या कूपनांची दोऱ्याने बांधलेली चळत होती. मधले भाऊजी गिरणगावात कामाला होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लक्ष कामगारांचा संप सुरू झाला आणि आपल्या जिल्ह्यातील कित्येक घरांप्रमाणे आमच्या घरीही मनीऑर्डर येणे थांबले, ते कायमचे. तोवर आलेले प्रत्येक कूपन सासूबाईंनी जपले होते. त्यांना वाचता येत नव्हते.

हे गाठोडे फेकवेना आणि ठेवावयास जागा नव्हती. तेव्हा याचे एक चित्र करावे, असा विचार थोरलीच्या मनात आला.

कापड आणि इतर वस्तू जोडून चित्र करणे ही कल्पना नवी नव्हे. १९१२ साली पॅरिसमध्ये पिकासो या चित्रकाराने वेताच्या खुर्चीची विणी छापलेले मेणकापड आपल्या चित्रावर चिकटविले आणि चित्राला चौकट म्हणून चक्क दोरखंड गुंडाळला. चिकटविणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून अशा चित्रांस कोलाज हे नाव मिळाले. अमेरिकेत अलाबामा राज्यातील जीज बेंड या खेड्यात, ज्यांचे पूर्वज गुलाम होते अशा कृष्णवर्णी स्त्रिया शेतात घालावयाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत आल्या. २००२ साली त्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयाच्या भिंतींवर लागल्या आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर छापल्या गेल्या. आणि आपल्या रत्नागिरीशी ज्याचा संबंध आला त्या ब्रह्मदेशाची गोष्ट तर याहूनही जवळची. थिबा राजाला १८८५ साली पदच्युत करून इंग्रजांनी पुढच्या वर्षी येथे आणून ठेवले. १९१० साली बांधून झालेल्या राजवाड्यात तो राहिला आणि १९१६ साली येथेच वारला. त्याच्या मंडाले राजधानीत 'कलगा' नावाचे पडदे करीत. कापडावर कापडाच्या आकृत्या लावून आत कापूस भरावयाचा, वरून जरीचा धागा आणि टिकल्या टाचावयाच्या, असे ते काम असे. राजवाडा आपण सर्वांनी पाहिला आहे. ज्या देशातून हा राजा आला तेथे सुईने चित्रे काढीत, हे मात्र आम्हांस उतारवयात कळले.

आता आमची पहिली चूक सांगतो, कारण आपणांपैकी कोणी हे काम हाती घेणार असाल तर आमच्या यशापेक्षा हीच अधिक उपयोगी पडेल. कोलाज म्हणजे चिकटविणे, असे पुस्तकात वाचून आम्ही खरोखरच चिकटविले. लाकडी फळीवर गव्हाच्या पिठाची खळ लावून कापडे बसविली आणि मध्यभागी सासूबाईंच्या लग्नातील लुगड्याचा पदर लावला. वैशाखात चित्र फार सुरेख दिसले. मृग लागला, पाऊस सुरू झाला आणि श्रावण येईतो फळी फुगली, खळीला बुरशी आली. बुरशीतून जे वाचले ते कसरीने खाल्ले, कारण पिठाची खळ हे कसरीचे आवडते अन्न. लग्नाच्या लुगड्याचा पदर हातात घेतला तो जाळीसारखा फाटत गेला. धाकट्या भाऊजींनी एक शब्दही उच्चारला नाही. ते तीन दिवस आमच्याशी बोलले नाहीत, इतकेच. आईच्या अंगावरचे वस्त्र आमच्या हौसेपायी गेले होते. त्याला क्षमा मागण्यापलीकडे आम्ही काय करणार? त्या पदराचा वीतभर काठ तेवढा हाती लागला.

त्या दिवशी धाकटी म्हणाली, "आपल्या आज्यापणज्यांनी कधी खळ लावली नाही, टाका घातला. त्यांना हा पाऊस ठाऊक होता." पुस्तकाचे शहाणपण थोरलीचे आणि हवेचे शहाणपण धाकटीचे. तेव्हापासून आम्ही नियम केला की या चित्रात चिकटविलेले काहीही असणार नाही. जे राहील ते टाक्यावर राहील.

दुसऱ्या खेपेस आम्ही सावकाश निघालो. प्रथम साडेसहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद असे खाकी कागद जोडून त्यावर पूर्ण आकाराचे रेखाटन केले. विषय आमचाच होता: खळ्यात उभे राहिले असता दिसणारे जुने घर, त्यापलीकडे समुद्र, वर पावसाळी आभाळ. कोणाचा नमुना घ्यावयाचा नाही, असे ठरविले होते. दुसऱ्याचे मोर आणि कमळे शिवली असती तर काम सोपे झाले असते. परंतु मग सासूबाईंच्या लुगड्यांची गरजच काय होती?

नंतर प्रत्येक कापड धुतले. ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून कोणते कापड रंग सोडते ते पाहिले. जे सोडत होते ते वेगळे काढले. आभाळासाठी धोतराचे तुकडे निरनिराळ्या छटांत रंगविले. हिरड्याच्या काढ्यात भिजवून मग गंजलेल्या खिळ्यांच्या पाण्यात बुडविले की पांढऱ्या कापडाला काळसर राखी रंग येतो, मिरगाच्या ढगासारखा. मात्र लोखंडाचा हा काळा रंग वर्षानुवर्षे कापड कुरतडतो, म्हणून तो हलकाच ठेवावा. हळदीने पिवळा रंग तत्काळ येतो, परंतु उन्हाने उडून जातो. म्हणून हळद आम्ही वापरली नाही. समुद्रासाठी सासूबाईंचे हिरवट निळे लुगडे होतेच. ते मधोमध इतके विरले होते की त्याखालचा रंग वर दिसे. आम्ही हा दोष झाकला नाही. पाण्याचा तळ दिसावा तसा तो दिसू दिला.

आता कापडाखेरीजच्या वस्तू. पडवीच्या भिंतीसाठी आंब्याच्या व्यवहारातले गोणपाट घेतले. घराच्या कडा दाखविण्यासाठी काथ्याचे सुंभ वापरले. सुंभ सुईत ओवता येत नाही. ते कापडावर ठेवून वरून बारीक दोऱ्याने दर अर्ध्या बोटावर टाचावे लागते. मिरकरवाड्यातून जुन्या जाळ्याचा एक तुकडा मागून आणला. नायलॉन येण्यापूर्वी सुती जाळी टिकावी म्हणून ऐनाच्या सालीच्या रंगात बुडवीत. आम्हांस मिळाले ते मात्र हिरवे नायलॉनचे. ते समुद्रावर पसरले. भाट्याच्या किनाऱ्यावरून आणलेले शिंपले आणि हे जाळे आम्ही आठ दिवस गोड्या पाण्यात ठेवले, पाणी रोज बदलले. मीठ राहिले तर ते हवेतील ओल ओढून घेते आणि भोवतालचे कापड सदैव दमट राहते. शिंपल्यांना बारीक भोके पाडून ते बटणासारखे टाचले. होडीचे शीड भाऊजींच्या गिरणीतल्या खाकी सदऱ्याचे केले. त्याची खिशाची शिवण आम्ही उसवली नाही. पाहणाऱ्याला शिडावर खिसा दिसतो आणि तो विचारात पडतो.

कूपनांचा प्रश्न सर्वांत अवघड होता. कागद शिवला तर टाक्याच्या भोकांवर फाटतो आणि जुनी शाई दमटपणाने पसरते. तेव्हा मूळ कूपने डब्यात ठेवून दिली. त्यांतील एकाची नक्कल काळ्या दोऱ्याने मलमलीवर अक्षर न अक्षर भरली आणि ती पारदर्शक जाळीच्या कापडाखाली, घराच्या दाराजागी बसविली. त्यावरचा मजकूर एवढाच आहे: पैसे पाठविले, पोचल्याचे कळवावे, पाऊस कसा आहे.

हे सर्व एका धुतलेल्या मांजरपाटावर टाचण्यांनी लावून आम्ही पंधरा दिवस नुसते टांगून ठेवले. येता जाता पाहावे, डोळे अर्धवट मिटून पाहावे, म्हणजे गडद आणि फिके यांचा तोल कळतो. तीनदा आभाळ बदलले. मग आत धोतराचे दोन पदर, मागे अस्तर, असा थर करून धावदोरा घालावयास घेतला. दोऱ्याला मेण लावले की तो गुंतत नाही; जाड जागी दाभणाने वाट करून मग सुई घालावी लागते, आणि अंगुस्तानावाचून तर एक तास बसवत नाही. मागे वरच्या बाजूस कापडाची नळी शिवून त्यातून बांबू घातला आहे, म्हणजे शिंपल्यांचे वजन एका खिळ्यावर येत नाही. पावसाळ्यापूर्वी ती उतरवून, ऊन दाखवून, वेखंडाचे तुकडे घालून गुंडाळून ठेवतो.

येथपर्यंत सर्व कौशल्याची गोष्ट झाली. आता जी सांगावयाची तिच्यासाठीच खरे तर आम्ही हे आमंत्रण स्वीकारले.

गाठोड्यातली फाटकी गोधडी आम्ही उसवावयास घेतली होती. तिचे टाके पाहून धाकटी थांबली. इतके सारखे, इतके घट्ट टाके आमच्या घरात कोणाच्याच हातचे नव्हते, सासूबाईंच्याही नव्हते. मग आठवले. उन्हाळ्यात, आगोटीची कामे सुरू होण्यापूर्वी, एक म्हातारी बाई गोधड्या शिवावयास येत असे. ती पडवीत बसे. तिच्यासाठी चहाची निराळी कपबशी पडवीच्या कोनाड्यात पालथी घातलेली असे. संध्याकाळी तांदूळ आणि थोडे पैसे घेऊन ती जाई. पडवीचा उंबरा ओलांडून ती कधी आत आली नाही. तिने शिवलेली गोधडी मात्र माजघरात, देवघराला लागून, अंथरली जात होती. तिच्यावर आमची मुले निजली. ज्या गावात १९३१ साली पतितपावन मंदिर उभे राहिले, त्या गावातल्या आमच्या घरात ही कपबशी त्यानंतरही कित्येक वर्षे तशीच होती, हे आम्ही आपणांपासून लपवू इच्छित नाही. सर्वजण तिला आजी म्हणत. तिचे नाव आम्हांपैकी कोणासही ठाऊक नव्हते.

आम्ही शोध केला. तिची नात सापडली; चांगली नोकरी करणारी, शहाणी बाई. आम्ही येण्याचे कारण सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आजीचे नाव तुम्हांला आत्ता हवे झाले का?" आम्हांस उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही. आम्ही चहा घेऊन परत आलो. तिने तो आपल्या घरच्या कपांतूनच दिला होता.

पुढे दोन महिन्यांनी ती आपण होऊन आली. बरोबर आजीच्या लुगड्याचा हातरुमालाएवढा तुकडा होता. ती माजघरात आमच्याजवळ बसली, काम निरखून पाहिले आणि म्हणाली, "पडवी रिकामी का ठेवलीत?" खरोखरच, आमच्या चित्रातल्या पडवीत कोणीच नव्हते. तो तुकडा तेथे तिनेच शिवला. त्याखाली, जुन्या गोधडीतला आजीच्या टाक्यांचा एक चौकोन आम्ही जसाच्या तसा बसविला आहे. आपण जवळ येऊन पाहा. सबंध गोधडीत त्याच्याइतके सुबक काम दुसरे नाही. आजीचे नाव आम्ही पाठीमागच्या अस्तरावर दोऱ्याने लिहिले आहे. ते येथे उच्चारू नये अशी नातीची इच्छा आहे आणि ती आम्ही पाळीत आहोत.

एका प्रदर्शनाच्या चालकांनी ही गोधडी परत पाठविली. हे अंथरूण आहे, चित्र नव्हे, असा त्यांचा अभिप्राय होता. आम्हांस वाईट वाटले, परंतु विचार करता वाटते, ते निम्मे तरी खरे बोलले. ही भिंतीवर आहे तोवर चित्र आहे. उद्या घरात तान्हे मूल आले आणि शिंपले उसवून घेतले तर तिच्यावर त्यास निजविता येईल. ज्या चित्राचा असा उपयोग होतो, त्याची किंमत त्यामुळे कमी का व्हावी? धाकट्या भाऊजींनी ती पुरी झाल्यावर पाहिली. आईच्या पदराचा उरलेला वीतभर काठ आम्ही क्षितिजावर लावला आहे. त्यावरून त्यांनी एकदा बोट फिरविले आणि गोधडी टांगण्यासाठी बांबू स्वतः तासून दिला.

आता मंडळापुढे आमच्या तीन विनंत्या आहेत. आपल्या घरी जी गोधडी असेल ती फेकू नका. आणि तिच्या पाठीमागे, ती कोणी शिवली आणि कोणत्या साली, हे आजच्या आज दोऱ्याने लिहा. शाई धुतली जाते, दोरा राहतो. दुसरी विनंती अशी की, पुढील संमेलनास येताना प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरच्या जुन्या कापडाचा वीतभर चौकोन आणावा आणि तो कोणाच्या अंगावरचा, हे एका ओळीत लिहून द्यावे. त्या सर्वांची मिळून एक गोधडी आम्ही शिवू आणि ती या व्यासपीठाच्या मागे लागेल. तिसरी विनंती सर्वांत लहान आणि सर्वांत कठीण आहे. आपल्या चौकोनाबरोबर दुसराही एक आणा: ज्यांनी आपल्या घरासाठी शिवले, विणले, धुतले, रंगविले, आणि ज्यांचे नाव आपण विचारले नाही, त्यांच्या घरचा. मागावयास जाल तेव्हा कदाचित आम्हांस विचारला तोच प्रश्न आपणांसही विचारला जाईल. तरी जावे.

संमेलन आपल्या ज्ञातीचे आहे आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु एकाच लुगड्याची गोधडी होत नाही, हे या कामात आम्ही शिकलो.

 सभा संपल्यावर गोधडीला हात लावून पाहण्यास कोणाचीही मनाई नाही.